बंद केलेली एक क्लिप

"ताई, तुझ्या व्ह्यूअरमधी बासष्ट क्लिपा दिसतात. फिल्ममधी एकसष्टच हायेत. एक गेली कुठं?"

शनिवारी दुपारी साडेबाराला नीलेशचा फोन आला. नीलेश मुरब्याचा. घरचे सगळे मासेमारीच्या बोटीवर, हा एकटा व्हिडिओ एडिटिंगमध्ये. सालवडला त्याचा एका खोलीचा स्टुडिओ आहे. तारापूरच्या कारखान्यांसाठी तो सेफ्टी फिल्म बनवतो.

मी पालघरला राहते. घरून सॉफ्टवेअरचं काम करते. व्ह्यूअर मात्र नोकरीचा भाग नाही, तो माझा स्वतःचा. एडिटर शॉट एका पट्टीवर ओळीनं मांडतो, तिला टाइमलाइन म्हणतात. ती बघायला एरवी एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर लागतं. माझा व्ह्यूअर ती साध्या ब्राउझरमध्ये उघडतो. तो ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला. कोणीही वापरावा, कोणीही दुरुस्त करावा. कोण कोण वापरतं ते मलाही माहीत नसतं.

"कुठली क्लिप नाही?" मी विचारलं.

"सत्तेचाळीस. सुट्टीनंतर पुन्हा ग्यास टेस्ट."

मी त्याची टाइमलाइनची फाइल उघडली. ती आतून साधा मजकूरच असते. सत्तेचाळीसाव्या क्लिपपुढे लिहिलं होतं, 'enabled: false'. म्हणजे क्लिप पट्टीवर आहे, पण बंद. फिल्म तयार होताना ती वगळली जाते.

"नीलेश, ही क्लिप तू बंद केली होतीस?"

तो म्हणाला, "ग्यासच्या मीटरचा आकडा धूसर आलता. पुन्हा शूट करू म्हनून बंद केली. राहूनच गेलं, ताई."

त्याच्याकडून राहिलं, आणि माझ्या व्ह्यूअरनं बंद क्लिप चालू असल्यासारखी दाखवली. मी कोड उघडला. त्या जागी माझ्याच हातची टीप होती: 'बंद क्लिप वेगळ्या दाखवायच्या. नंतर बघू.'

फिल्म एका केमिकल कारखान्याची होती. टाकी साफ करायला आत उतरणाऱ्या कंत्राटी कामगारांसाठी. तिथले सेफ्टी ऑफिसर मिश्रासाहेब. त्यांनी व्ह्यूअर उघडून, क्लिपांची नावं आपल्या यादीशी ताडून, फिल्म मंजूर केली होती. गुरुवारी ती कामगारांना दाखवून झाली होती.

"टाकीचं काम कधी आहे?"

"आज. सकाळपास्नं चालू हाय."

सकाळची गॅस टेस्ट फिल्ममध्ये होती, ती त्यांनी केली असणार. पण जेवणाच्या सुट्टीत टाकीत हवा खेळवणारा ब्लोअर बंद करतात. सकाळी ढवळलेल्या गाळातून गॅस सुटत राहतो. म्हणून पुन्हा उतरण्याआधी पुन्हा टेस्ट. फिल्ममध्ये नेमकं तेवढंच नव्हतं.

मी मिश्रासाहेबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. प्लांटमध्ये मोबाइल नेत नाहीत, गेटवर ठेवतात. गेटचा नंबर लागेना. नीलेशला म्हटलं, "बाइक काढ. फोन चालू ठेव."

इअरफोनमध्ये वारा, ट्रकचे हॉर्न. मग गेटवरचा गार्ड.

"मिश्रा सर को बुलाओ, अर्जंट है," नीलेश सांगत होता.

"सर लंच पे हैं. एक बजे के बाद आओ."

"एक बजे आदमी टंकी में उतरेगा भाई! इंटरकॉम लगाओ!"

इंटरकॉम कोणी उचलला नाही. शेवटी गार्ड म्हणाला, "अंदर जाओ, ऑफिस बाएँ हाथ पे है. मोबाइल यहाँ रखो."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कॉल चालूच राहिला. त्यानंतर मला ऐकू येत होता तो फक्त गार्डचा पंखा, आणि वहीची पानं. मी घरात उभीच होते. खाली बसावं हेही सुचलं नाही. मग भोंगा वाजला. सुट्टी संपली. गार्ड कोणालातरी हसून काहीतरी म्हणाला. त्या हसण्याचा मला भयंकर राग आला. त्या बिचाऱ्याला काय माहीत?

किती मिनिटं गेली सांगता येणार नाही. एकदा कोणीतरी धावत गेल्यासारखं वाटलं. अँब्युलन्सचा आवाज येतोय का, म्हणून मी श्वास रोखून ऐकत होते. ज्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नव्हती अशी माणसं त्या टाकीपाशी उभी होती.

मग फोन उचलला गेला. नीलेशला धाप लागली होती.

"ताई... थांबवलं. एकाचा पाय आत होता. शिडीवर."

"आणि टेस्ट?"

"मिश्रासाहेबांनी मीटर दोरीला बांधून खाली सोडला. अर्ध्यात पन नाय गेला, तर बोंबलायला लागला."

मी तेव्हा जमिनीवर बसले.

सोमवारी मी कारखान्यात गेले. मिश्रासाहेबांचा चेहरा उतरला होता. "मॅडम, मैंने भी फिल्म पूरी नहीं देखी. नाम देखके टिक कर दिया." हे सगळं मी व्ह्यूअरच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहिणार आहे म्हटल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ये सब इंटरनेट पे लिखना ज़रूरी है?"

"कारखान्याचं नाव लिहिणार नाही. माझी चूक लिहिणार."

ट्रेनिंग रूममध्ये दुरुस्त फिल्म चालू होती. शिडीवर पाय ठेवलेला माणूस पुढच्याच बाकावर होता. काशिनाथ, जव्हारकडचा. पावसाळ्यात घरची शेती, एरवी इकडे काम. मी त्याला काय झालं ते समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"आमाला फिल्ममधी जेवढं दावलं, तेवढं आमी केलं," तो म्हणाला. "मंग चूक कोनाची?"

"माझी. नीलेशची. साहेबांची पण."

"तिगांची," तो म्हणाला. "आन उतरनार मी एकटा."



त्याच दिवशी मी व्ह्यूअरच्या पानावर सगळं लिहून टाकलं. अजून कोणी यावर विसंबून काय मंजूर केलं असेल, ही भीती आजही पूर्ण गेलेली नाही. आठवड्याभरात दोन अनोळखी माणसांनी कळवलं की त्यांच्याही कामात बंद क्लिपा चालू दिसत होत्या. एकाची लग्नाची फिल्म होती, दुसऱ्याची जाहिरात. मला हायसं वाटलं.

आता व्ह्यूअर बंद क्लिप करड्या रंगात, आडव्या रेघा मारून दाखवतो. फाइलमधलं जे त्याला कळत नाही, तिथं जाड लाल पट्टी येते आणि लिहिलेलं असतं, 'हे मला समजलेलं नाही. मूळ फिल्म बघा.' अर्धवट समजून दाखवणाऱ्या साधनापेक्षा काहीच न दाखवणारं परवडतं, एवढं मी शिकले. ती पट्टी फार कुरूप दिसते, काढून टाका, अशी तक्रार परवाच आली. मी नाही म्हणून कळवलं.