'किरकोळ'मध्ये कोण बसणार?

किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपोआप साचतात, आणि हार्डडिस्क भरली की कळतं, अरे, हे सगळं लावायचं राहिलंच! मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत लावायचं काम माझं. मालक प्रमोददादा, गाणारी वनिताताई आणि मी, एवढाच पसारा. बाहेरच्या कंपन्यांच्या साउंड लायब्रऱ्या, म्हणजे वाद्यांच्या तयार आवाजांचे साठे, घ्यायचे आणि त्यातले ढोल, घंटा, बासऱ्या चटकन सापडतील अशा फोल्डरांत घालायच्या.

लोक म्हणतात, "बालाघाटात कोन रेकॉर्डिंग करते? नागपूरले जा!" ऐकून माझं डोकंच फिरतं. लग्नाची गाणी, भजनं आम्ही करतोच. पण बाहेरचा एक अख्खा अल्बम इथे करून दाखवायचा, ही आमची जिद्द!

*

कंपनीची 'वॉर्म', 'डार्क' असली लेबलं दादाने पुसून टाकली. त्याचे फोल्डर म्हणजे 'वरात', 'पाठवणी', 'प्रचार'.

एकदा मी विचारलं, "दादा, हा रागीट ढोल कुठी टाकू?"

"लग्नाचा हाय का निवडणुकीचा?"

"दोन्हीकडं चालते."

"मंग नवा फोल्डर कर. 'व्याही' नाव दे!"

*

रामपायलीच्या भजनी मंडळाला घंटा हवी होती. लायब्ररीतली 'टेम्पल बेल' लावली, तर तिचा घुमारा संपेचना.

मंडळातले बुवा म्हणाले, "आरती झाली, प्रसाद वाटला, तरी हे वाजूनच राह्यली!"

शेवटी आम्ही माईक घेऊन रामपायलीलाच गेलो आणि तिथली घंटा रेकॉर्ड केली. मागे एका मोटरसायकलचा हॉर्नही आला. मी तो कापायला निघाले, तर वनिताताई खवळली. "काहून कापतं वं? देवळाभायेर रस्ता नाई काय?"

हॉर्न अजून आहे.

*

एकदा मी फोल्डर हलवले आणि जुन्या गाण्यांना आपले आवाज सापडेनात. मग सॉफ्टवेअरने त्याच नावाची जी फाइल दिसली ती उचलली. वारासिवनीचे एक गृहस्थ मुलीच्या पाठवणीचं गाणं ऐकत बसले होते. लेक उंबरठा ओलांडते, तिथे ढोलकीच्या जागी भुताटकीच्या आवाजांच्या लायब्ररीतलं धडाम्!

मी ते बंद करायला धावले. गृहस्थांनी मला अडवलं.

"बदलू नोका. जावयाले आत्ताच समजू द्या!"

*

आणि तो अल्बम. नागपूरचे एक संगीत संयोजक स्टुडिओ बघायला आले. पसंत पडला तर आठही गाणी इथेच होणार होती. वनिताताई नवी साडी नेसली होती.

आता, बाहेरच्या लायब्रऱ्यांत आमची ढोलकी, डफ, बासरी सगळं 'एथनिक – मिसलेनियस'मध्ये, म्हणजे किरकोळीत, कोंबलेलं असतं. मला त्याची चीड येते, दादाला माझ्याहून जास्त. त्याच आठवड्यात त्याने माझ्याकडून सगळं उलटं लावून घेतलं होतं.

संयोजक खुर्चीत बसले, माउस फिरवत राहिले. "अहो, पियानो कुठाय?"

दादा म्हणाला, "खाली जा साहेब. अजून खाली. 'परदेशी लोकवाद्यं – किरकोळ'."

संयोजकांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "ही काय थट्टा आहे? तुम्हाला हे काम हवंय की नकोय?"

वनिताताईने माझा हात घट्ट धरला.

"हौ, पाह्यजे ना साहेब," दादा म्हणाला. "म्हणून तं पियानो डिलीट नाई केला!"