नाराच्या टेकडीची वारस

वाळवंटातल्या कुइसेब नदीला वर्षानुवर्षं पाणी नसे. काठावरच्या आल्विनाचा राग मात्र बारमाही. वॉल्विस बेच्या मासळी कारखान्यात उमेदीची वर्षं गेली, तिथेही मुकादम तिच्या वाऱ्याला उभा राहत नसे. नवरा वारला तशी ती गाढवगाडीत बोचकी टाकून गावी परतली, कारण नदीपलीकडे तिच्या आईची टेकडी होती.

टेकडी म्हणजे नाराचं, खरबुजासारखी फळं देणारं एकच झुडूप. पान नावाला नाही, नुसते हिरवे काटे. वारा वाळू आणतो, काटे ती धरतात, झुडूप पुन्हा डोकं वर काढतं. अशा पिढ्या गेल्या की टेकडी होते. मुळं पार खाली, नदीच्या मुरलेल्या पाण्यापर्यंत. उत्तरेला खडीचं सपाट माळरान, दक्षिणेला लाल वाळूचे डोंगर. डोंगर सतत उत्तरेकडे सरकू बघतात आणि कधीतरी पूर आला की नदी त्यांचे पाय कापून नेते. त्यांच्या पायथ्याशी प्रत्येक घराण्याची आपली टेकडी. जो सुगीला बरोबर राबतो, त्याच्या हाती म्हातारं माणूस फळं काढायची काठी देतं. काठी ज्याची, टेकडी त्याची.

आल्विनाला मूल नव्हतं. भावाचा मुलगा रायनर पर्यटकांच्या गाड्या हाकायचा. सुगीला कधी फिरकला नाही, पण काठी आपलीच असं धरून चालला होता. यंदा तिचे गुडघे पार गेले होते. काठी कुणाला द्यायची, हा एकच घोर तिला लागला होता.

त्या सकाळी धुकं विरल्यावर ती काठी घेऊन, गाढवावर बसून फळं बघायला निघाली, तर लांबूनच आरडाओरडा ऐकू आला. टेकडीखाली रायनरच्या दोन जीप. माथ्यावरून पाहुणे फळ्यांवर बसून घसरत होते. एक कड कोसळली होती आणि मुळं दोरखंडांसारखी हवेत लोंबत होती. पाठीवर पोतं घेतलेली हेस्टर रायनरला आडवी उभी राहून ओरडत होती. आल्विनाच्या घराण्याशी तिच्या घराण्याचं पिढीजात वाकडं.

"उतरव त्यांना, माकडा! या म्हाताऱ्या टेकडीच्या पाठीवर घसरगुंडी खेळतोस?"

"मावशी, तुम्ही यात पडू नका. टेकडी आमची आहे."

"कुणाची?" आल्विना गाढवावरून उतरली. रायनर वरमला.

"आत्या, वाळूच आहे ना. वारा परत आणून टाकेल."

"आणेल? असलेली नेईल, गाढवा! मुळं उघडी पडली, आता आतून पोखरेल. पलीकडे एवढे डोंगर पडलेत, तिथे घसरव की!"

"तिथे गाडी चढत नाही, आत्या."

एवढंच कारण! आल्विनाने हातातली काठी वाळूत आपटली. तेवढ्यात एक पाहुणा घसा धरून थुंकत आला. त्याने घसा पोळवणारं कच्चं नारा चावलं होतं. रायनर पाण्याची बाटली घेऊन त्याच्याकडे धावला. मुळांकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

"आणि तुझ्या पोत्यात काय गं?" आल्विना हेस्टरवर उलटली.

"नारा. तुझीच. दरवर्षी नेते."

"चोरटी! तरीच मागची बाजू कायम रिकामी!"

तिने पोतं हिसकून वाळूत ओतलं. एकूण एक फळ पिकलेलं, देठ सफाईने कापलेले. मागे जाऊन पाहिलं तर एक फांदी मोडलेली नव्हती. आल्विना जास्तच संतापली. परत येऊन तिने काठी हेस्टरच्या छातीवर आदळली.

"धर."

"आत्या! ही दुसऱ्या घराण्याची. गाव काय म्हणेल?"

"म्हणेल, आल्विनाने चोराच्या हाती किल्ली दिली. म्हणू दे. चोर निदान घर पाडत नाही. तुझ्या जीपा काढ इथून!"

हेस्टरने काठी घेतली. "उपकार नकोत मला तुझे."

"उपकार कसले? तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला."

जीप गेल्या. दोघी वाळूत फतकल मारून ओंजळीने मुळांवर वाळू लोटू लागल्या.

"हळू गं," आल्विना खेकसली, "मूळ आहे ते, तुझ्या नवऱ्याची मान नव्हे."