परीक्षेआधीचे तीन महिने

माझी मुलगी पाचवीत होती, पण गणितं आठवीची सोडवायची, तीही कागद न घेता. आम्हाला कौतुक वाटायचं. ती कागद का घेत नाही, हे कधी विचारलं नाही.

अहेरीच्या बाजारात एकदा तिला समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. तिनं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि मग वाचली.

"हात काऊन ठेवला?"

"नाई ठेवला तर अक्षरावर अक्षर दिसते," ती म्हणाली. "तुले नाई दिसत तसं?"

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी यंत्रावर डोळ्यांचे नकाशे काढले. उजव्या डोळ्याचा समोरचा काचेसारखा भाग पातळ होऊन पुढे येत होता. औषधाचे थेंब टाकून किरण दिले तर बहुतेकदा वाढ थांबते. गेलेली नजर परत येईलच असं नाही.

"लहान वयात हे झपाट्यानं वाढू शकतं. मी तर आत्ताच करा म्हणेन," डॉक्टर म्हणाले. "थांबणार असाल तर तीन महिन्यांनी पुन्हा या. डोळे चोळू देऊ नका."

किरण दिले की काही दिवस वाचन बंद. इकडे निवासी शाळेची प्रवेश परीक्षा तीन महिन्यांवर. नवरा लाकूड डेपोत कारकून. तो म्हणाला, "परीक्षा होऊन जाऊ दे. तीन महिन्यांत काय होते?"

परीक्षेचं कारण मला पटलं नव्हतं. पण डोळ्यावर किरण द्यायचीच मला भीती वाटत होती, म्हणून मी हट्ट धरला नाही.

त्या तीन महिन्यांत माझं कशातच लक्ष लागेना. तिचा हात डोळ्याकडे गेला की मी भाजी टाकून धावायची. रोज शाळेतून आली की डावा डोळा झाकून तिला कॅलेंडरवरच्या तिथी वाचायला लावायची. ती घडाघडा वाचायची, मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती म्हणाली, "आई, तू माह्या डोळ्याची परीक्षा घेऊन राह्यली ना? मग दुसरं काई दाखव. कॅलेंडर मले पाठ आहे."

मी साबणाचं वेष्टन पुढे केलं. तिला एक ओळही लागली नाही.

परीक्षा झाल्यावर लगेच चंद्रपूर गाठलं. नव्या नकाशात उजव्या डोळ्याचा दोष वाढलेला होता. नवरा खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला.

मुलीनंच डॉक्टरांना विचारलं, "तेव्हाच केलं असतं तर किती दिसलं असतं?"

"याच्यापेक्षा बरं, बहुतेक. नक्की नाही सांगता येत."

त्याच आठवड्यात किरण दिले. तीन दिवस डोळ्यातून पाणी वाहत होतं. मी गणितं वाचून दाखवायची, ती पडल्यापडल्या उत्तरं सांगायची.

आता वाढ थांबली आहे. उजव्या डोळ्यात ती कडक लेन्स घालते, स्वतःच्या हातानं. निवासी शाळेत प्रवेशही मिळाला. ती सुट्टीत आली की मी अजून तिच्या हाताकडेच बघत असते.

नवरा त्या तीन महिन्यांबद्दल बोलत नाही. थांबण्याचा दोष तो एकटाच स्वतःवर घेऊन बसला आहे. त्याच्याइतकंच मलाही तेव्हा थांबायचं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.