छत्रीकाकांच्या घरचं चित्र

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळी गल्ली छत्रीकाका म्हणते. तीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या बसवल्या, त्यात गुडघे कामातून गेले. "सिग्नल वरून सारखा येतच असतो," ते सांगतात. "घरातला डबा फक्त घेतो, परत काही पाठवत नाही. छत्रीचं तोंड तेवढं नेमकं हवं. बोटभर हललं की पडदा काळा."

नेमकं तोंड शोधायला मीटर मिळतो, पण काकांचा त्यावर काडीचा विश्वास नाही. आपण वर छत्री फिरवायची आणि खालून घरच्या कुणीतरी ओरडायचं, "आलं! गेलं! आलं!" हीच त्यांची पद्धत.

मागच्या आठवड्यात वाऱ्यानं त्यांचीच छत्री हलली. काकूंना सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून वाचा गेलीय. दिवसभर एकट्या पडून असतात, सोबत काय ती टीव्हीची. काका मात्र गावभर चित्रं आणत हिंडायचे आणि घरी म्हणायचे, "उद्या बघतो." दिव्याखाली अंधार, दुसरं काय! मला त्यांचा रागच यायचा.

काल शेवटी चार गिऱ्हाइकं उरकून ते तसेच गच्चीवर निघाले. मी म्हटलं, "खालून मी ओरडतो."

"असू दे. तिला करू दे की काहीतरी."

त्यांनी खिडकी उघडली, काकूंच्या धड हाताशी ताट आणि चमचा ठेवला. "चित्र आलं की वाजव."

मी माझ्या घरी आलो. काका वर गेले. ताट गप्पच. खाली येऊन पडदा बघितला, परत वर. तिसऱ्या खेपेला जिन्यातून त्यांचं कण्हणं मला घरात ऐकू आलं. थोड्याच वेळात ताट वाजलं, चांगलं दणदणीत. मलाच हायसं वाटलं.

आज सकाळी विचारलं, "काय काका, आलं ना चित्र?"

"कसलं डोंबलाचं! बोल्ट आवळून खाली आलो, तर पडदा काळाच. खोटंच वाजवलं तिनं."

"मग परत चढलात?"

"उठलो होतो. तिनं मनगट धरलं, सोडेचना. रात्री जेवायची वेळ झाली तरी बसलो तसाच." काका जिन्याच्या पायरीवर टेकले, गुडघा चोळत राहिले. "आठ दिवस मला वाटत होतं, तिला टीव्ही हवाय."