सांगायचा राहिलेला आठवा भाग
परवा मुलीच्या वह्यांना कव्हरं घालताना खाकी कागदाचा वास आला आणि घनसावंगीहून जालन्याला जाणारी जीप आठवली. दादाला डायलिसिसला नेताना वाटेत वाचायला म्हणून त्याच्या कपाटातलं एक पुस्तक मी उचललं होतं. वेंधळ्या जादूगारांच्या त्या गमतीशीर मालिकेचे चाळीस भाग त्यानं जमवले होते. ती वाच म्हणून तो वर्षानुवर्षं माझ्या मागं लागला होता. मास्तरच तो, सगळ्या भागांना खाकी कव्हरं घातलेली, वर नंबर मात्र एकावरही नाही. दोन पानं वाचून मी म्हटलं, "दादा, मला तर काहीच कळून न्हाई राह्यलं." त्यानं पुस्तक उघडून बघितलं आणि खोकला येईपर्यंत हसला. "अगं, अकरावा भाग हाय हा. थांब, मागचे धा मी सांगतो." मग दर फेरीला एक भाग, राजाचा आणि बोकडाचा आवाज काढून सांगायचा; जीपमधल्या बायाही हसायच्या. सातवा संपल्यावर म्हणाला, "आठवा लई भारी हाय. सोमवारी सांगतो." दादा रविवारीच गेला. त्याची पुस्तकं माझ्याकडं आली. अकरापासून चाळीसपर्यंत मी सगळे वाचले, त्यानं सांगायचे राहिलेले तीन तेवढे ठेवले. परवा उरलेल्या कागदाचं नवं कव्हर आठव्या भागाला घातलं आणि तो न वाचताच परत कपाटात ठेवला.