एका वाक्यात सांगू का?

मुलगी चार वर्षांची असताना तिला लातूरच्या एका इंग्रजी शाळेत मुलाखतीला नेलं. बाईंनी गायीचं चित्र समोर धरून विचारलं, "हे काय आहे?" मुलीनं चित्र नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "ही आमची न्हाई." भोकरला आमच्या शेतातली गाय तांबडी होती, चित्रातली काळी-पांढरी. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. प्रवेश मिळाला. शाळा नवीन होती, सगळ्यांनाच मिळाला.

त्या वयात ती दिवसभर विचारत असे. मुंग्यांना घर कसं सापडतं, कूलरमधलं पाणी जातं कुठं, रेल्वेला वळता येत नाही तर ती परत कशी येते. मी डॉक्टर-इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या मुलांच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दिवसाला चार बॅच घेतल्यावर मला घरी शांतता हवी असायची. ती मिळत नसे.

मुलगी दुसरीत गेल्यावर शांतता मिळाली. प्रगतिपुस्तकात शेरा आला, 'पूर्वी फार बोलायची. आता शांत बसते. उत्तम सुधारणा.' मी सही केली. बायको म्हणाली, "अहो, पेढे आणा." मी आणले.

मग एका रविवारी आम्ही बापलेक गॅलरीत बसलो होतो. एक कबुतर एकाच कोपऱ्यात काड्या आणून टाकत होतं आणि त्या खाली पडत होत्या. मी सहज विचारलं, "हे इथंच का येत असेल गं?"

ती ताठ बसली. "पप्पा, एका वाक्यात सांगू का?"

"कसंही सांग."

तिनं कबुतराकडं पाहिलं. मग म्हणाली, "हे आम्हाला शिकवलं नाही."

मी तिच्या वर्गशिक्षिकेला भेटलो. बाई चांगल्या होत्या आणि दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "सर, पन्नास लेकरं हायेत. प्रत्येकानं एक प्रश्न विचारला की तास संपला. तुमच्या क्लासमध्ये पोरं विचारायलेत का?"

"विचारतात की," मी म्हणालो. जिना उतरताना आठवून पाहिलं. शेवटचा प्रश्न एसी कमी करता का, असा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचला शेवटची दहा मिनिटं मोकळी ठेवली. म्हटलं, काहीही विचारा. मग एकानं विचारलं, याच्या नोट्स मिळणार का. त्यानंतर किल्लारीकडची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती मागच्या बाकावर बसून फक्त लिहून घ्यायची.

"सर, आमच्या विहिरीवरची मोटार चालू असताना तीन फेजपैकी एक गेला तरी ती फिरतच राहते. पण बंद करून परत चालू केली की नुसती घुमते, फिरत न्हाई. असं का?"

मला नीट उत्तर येत नव्हतं. तोंडातून निघालं, "हे सिलॅबसमध्ये नाही."

"हाव सर," म्हणून ती लगेच बसली. या उत्तराची तिला सवय असावी. मला मात्र पुढच्या तिन्ही बॅचना शिकवणं जड गेलं.

संध्याकाळी मुलीला स्कूटरवर घेऊन जळालेल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या वाइंडिंगच्या दुकानात गेलो. तिथल्या मिस्त्रींना प्रश्न सांगितला. ते म्हणाले, "सांगून कळायचं न्हाई, बघा." त्यांनी बाकावरच्या छोट्या मोटारीची एक वायर सोडली आणि बटण दाबलं. मोटार जागच्या जागी घुमू लागली. मग त्यांनी दांड्याला दोरी गुंडाळून हिसका दिला. मोटार फिरायला लागली.

"तीन फेज असले की जोर गोल फिरतो," मिस्त्री म्हणाले. "एक गेला की जोर नुसता पुढं-मागं. फिरतं असलं तर फिरत राहतं, थांबलं की ढकलावं लागतंय."

मुलीनं हात वर केला. ती कुणाला बोलावते, म्हणून मिस्त्रींनी मागं वळून पाहिलं. मग म्हणाले, "हात खाली घे बेटा, शेजारच्या मशीनच्या पट्ट्यात जाईल. बोल की."

"उलटं फिरवलं तर?"

मोटार थांबेल, असं मला वाटलं होतं. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मोटार बंद केली, दोरी उलटी गुंडाळली आणि हिसका दिला. मोटार उलटी फिरायला लागली. मुलगी आनंदानं जोरात ओरडली. दुकानात तिला कुणी गप्प बस म्हणालं नाही.

घरी येईपर्यंत तिनं मागं बसून नऊ गोष्टी विचारल्या. मला चार आल्या. बाकीच्यांना मी 'माहीत नाही' म्हणालो. पहिल्यांदा जड गेलं, पाचव्या वेळी जमलं.

सकाळी बॅचला सांगितलं की कालच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, एका मिस्त्रींकडून शिकून आलो. फळ्यावर आकृती काढली. निम्म्या पोरांनी ती उतरवून घेतली नाही, कारण ती परीक्षेला नव्हती. किल्लारीकडची मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, "सर, घरी करून बघते."

"विहिरीवरच्या मोटारीवर नको," मी घाईनं म्हणालो.

क्लासच्या मालकांनी त्या दहा मिनिटांची पाच केली. ती अजून चालू आहेत.