सरांनी आज पिशवी स्वतः बदलली

मैत्रिणींनो, आत्ताच घरी आले आणि चहा टाकायच्या आधी हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

वॉर्डातली नोकरी सोडून मी आता पेशंटच्या घरी जाऊन नर्सिंग करते. सध्या वाघोलीत एका निवृत्त शिक्षकांकडे जाते. आतड्याच्या ऑपरेशननंतर शौचासाठी त्यांच्या पोटावर पिशवी बसवली आहे. ती बदलताना सर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्यांच्या पत्नीला, काकूंनाही खोलीत येऊ द्यायचे नाहीत. घराबाहेर पडणं तर बंदच झालं होतं.

आज मी हात धुऊन आले, तर सर म्हणाले, "तुम्ही बसा. मी करतो. चुकलं तरच बोला."

जुन्या पिशवीची चिकटलेली कड त्यांच्या नखात येत नव्हती. मी दोनदा उठायला गेले आणि दोनदा स्वतःला आवरलं. त्यांनी जुनी पिशवी काढली, त्वचा कोरडी केली, नवी नीट चिकटवली. मग काकूंना हाक मारली, "अगं, ये आत. बघ जमलंय का."

काकूंनी वाकून पाहिलं. "छान जमलंय. आता भाचीच्या लग्नाला चला."

"जाऊ की," सर म्हणाले. "सिस्टर, तुमची नोकरी गेली म्हणायची."

वॉर्डात पेशंटला माझी गरज लागायची, याचं समाधान वाटायचं. आज माझी गरज संपली, तरी मी गाडीवर गुणगुणत घरी आले.

आपल्या माणसाला धडपडताना बघत नुसतं बसून राहणं तुम्हाला जमतं का?